सत्तूर ज्याच्या हातात

त्या घरात मारामारीला कारण लागत नसे, सवड लागत असे. दोघे भाऊ खाटीक. सकाळभर चारही हात गिऱ्हाइकांच्या सेवेत गुंतलेले, तेव्हा एकमेकांना बडवायचं ते दुपारी, गर्दी ओसरल्यावर. आसपासचे दुकानदार त्यावरून जेवणाची वेळ ओळखत. उरकलं की थोरला धाकट्याच्या सुजलेल्या भुवईवर बर्फाचा खडा धरी, धाकटा थोरल्याचा फाटलेला कान पुसून देई, आणि दोघे दुकानाच्या मागच्या दाराने घरात जेवायला जात.

बाप गेला तो मात्र भावाबिवाच्या हातून नव्हे. एका मेंढ्याने त्याच्या छातीत अशी धडक दिली की बाप गोठ्याच्या दारातच आडवा झाला. थोरल्याने तो मेंढा त्याच दिवशी कापला आणि सांत्वनाला आलेल्या नातेवाइकांना वाढला. मांस चिवट होतं असं धाकटा अजून म्हणतो. त्यावरूनही एकदा दोन दात पडले आहेत.

थोरल्याचं बाजारात नाव होतं ते त्याच्या कानामुळे. सत्तूर हाडावर पडला की तो डोळे किंचित मिटून ऐके. खाऊनपिऊन वाढलेल्या जनावराचं हाड 'टण्' म्हणतं. उपाशी ठेवलेल्याचं हाड 'कच्' म्हणतं, शिळ्या बिस्किटासारखं. वजनकाटा फसेल, डोळा फसेल, थोरल्याचा कान फसायचा नाही. एका व्यापाऱ्याने एकदा पाणी पाजून फुगवलेले बोकड त्याच्या गळ्यात मारले. पहिला घाव पडला, 'कच्' झालं, आणि थोरला अंगावरच्या रक्ताळलेल्या एप्रनसकट जनावरांच्या बाजारापर्यंत चालत गेला.

"उपाशी जनावर विकतोस?" एवढंच त्याने विचारलं. व्यापारी उत्तर देणार तेवढ्यात त्याचे पुढचे दात गेले, त्यामुळे उत्तर नीट कळलं नाही. दुसऱ्या ठोशाला नाक गेलं. तिसरा त्याने केवळ तत्त्वासाठी मारला.

घरी आल्यावर त्याच्या बायकोने, म्हणजे थोरलीने, त्याच्या सुजलेल्या बोटांवर गार पाणी ओतलं.

"जनावराला तोंड नसतं," तो म्हणाला. "मुक्या जिवाला चारा घालायचा नाही आणि वर पैसे घ्यायचे? त्याच्या वतीने कुणीतरी मारायला नको?"

"खरंय," थोरली म्हणाली आणि बोटं पुसली.

घरात जेवणाचा कायदा आईचा होता. आई म्हणजे भावांची आई, थोरलीची सासू. कायदा एका ओळीचा: सत्तूर ज्याच्या हातात, तुकडा त्याच्या ताटात. पुरुष आधी बसत. तुकडे, कलेजी, मगजाची हाडं, सगळं त्यांच्या ताटात. मागून बायका बसत, त्यांना भाकरी आणि रस्सा. रस्सा म्हणजे ज्यातून बोकड नुसता पोहून गेला आहे असं पाणी. तळाशी एखादा तुकडा चुकून राहिलाच तर तो धाकट्याला रात्री लागे. दूध पुरुषांना, कारण सत्तूर जड. अंडी पुरुषांना, कारण उठायचं पहाटे. फळं पुरुषांना, कारण आता आणलीच आहेत.

हा कायदा कुणी दुष्टपणाने पाळत नसे. थोरला बायकोवर कधी हात टाकत नव्हता, तिला साड्या आणी, चार माणसांत तिचं कौतुक करी. तिच्या ताटात तो डोकावत नसे इतकंच. बायकांच्या ताटात डोकावणं त्याला असभ्य वाटे.

दुकानामागे गोठा होता. आणलेली जनावरं कापण्याआधी तिथे काही आठवडे पोसली जात. भरडलेला मका, पेंड, हिरवा चारा, चाटायला मिठाचा खडा. ते काम थोरलीचं. "हाडं भरली पाहिजेत," थोरला रोज बजावी, आणि ती बादल्या वाहून हाडं भरी. भरडताना एखादी मूठ मका ती आपल्या तोंडात टाके. एकदा थोरल्याने ते पाहिलं.

"जनावराच्या तोंडचं काढू नकोस गं," तो म्हणाला. रागाने नव्हे, समजावून.

आईने स्वतःचा कायदा स्वतः जन्मभर पाळला आणि मग एका सकाळी स्टुलावरून उठताना तिचा उजवा खुबा मोडला. पडली म्हणून मोडला नाही, मोडला म्हणून पडली. ऑपरेशन झालं, आत धातूची पट्टी बसवली, पट्टीला पू झाला, पुन्हा ऑपरेशन झालं. त्यात दुकानाची गाडी गेली. वर्ष लोटलं नाही तोच डावा मोडला, त्यात बाजारातलं दुसरं दुकान गेलं. मग मणका दबला आणि गोठ्यापलीकडची जागा गेली. आई खाटेवर जागच्या जागी होती, तिच्याभोवतीचं सगळं मात्र चालू लागलं होतं.

"म्हातारपण," थोरला म्हणाला.

"म्हातारपण," धाकटाही म्हणाला. एका गोष्टीवर दोघांचं एकमत झालं ती ही.

पण मग थोरलीला शिंक आली आणि बरगडी मोडली. ती काही म्हातारी नव्हती. आधी धाकटा हसला. "वहिनी, जरा हळू शिंकत जा," म्हणाला. पंधरवड्याने बादली उचलताना तिचं डाव्या हाताचं बोट मोडलं, तेव्हा तो हसला नाही. तेव्हा थोरला तिला घेऊन हाडांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेला.

"यांचं खाणंपिणं कसं आहे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

थोरल्याला तो प्रश्न लागला. "बाई, आम्ही खाटीक," तो म्हणाला. "घरात बोकड टांगलेला असतो. गोठ्यात चार उभे असतात. खाण्याचं काय विचारता?"

डॉक्टरीणबाई हसल्या. "मग आमच्यापेक्षा बऱ्याच की हो तुम्ही." त्यांनी थोरलीकडे पाहिलं. थोरली भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्राकडे पाहत होती. नवरा बोलत असताना मध्ये बोलायचं नाही, हाही आईचाच एक कायदा. तोही एका ओळीचा.

झालं. खाणं उत्तम असं एकदा ठरल्यावर तपासाची गाडी भलत्याच रस्त्याला लागली. रक्त कमी निघालं, कॅल्शियम कमी निघालं, तेव्हा खाल्लेलं अंगी का लागत नाही याचा शोध सुरू झाला. ग्रंथी तपासल्या, मूत्रपिंड तपासलं. तिला एका नळकांड्यात झोपवून यंत्र तिच्याभोवती गरगर फिरवलं. शेवटी घशातून एक नळी पोटात घातली आणि आतडी आतून पाहिली. तेवढी जाड वस्तू तिच्या घशाखाली कैक वर्षांत उतरली नव्हती. चोर ओसरीवर पाय सोडून बसलेला आणि पोलीस विहिरीत गळ टाकताहेत, असला तो तपास. प्रत्येक गळाचं भाडं वेगळं.

"आतडी ठीक आहेत," शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कारण सापडत नाही. हाडं मात्र पोकळ आहेत. इंजेक्शनं आहेत, वर्षानुवर्षं घ्यावी लागतील, महाग आहेत. आणि जपा हं. पुढचं मोडेल ते खुब्याचं. मग या उठायच्या नाहीत."

थोरलीने हे ऐकलं आणि तिला सासूची खाट दिसली. पलीकडे रिकामी जागा होती. आणखी एक खाट तिथे बरोबर मावली असती.

विकण्यासारखं आता उरलं होतं ते राहतं घर आणि त्याच्या पुढचं दुकान. थोरल्याने दुपारी गर्दी ओसरायची वाटही न पाहता विषय काढला. रांगेत अजून शिंपी उभा होता. त्याला खांद्याचं मटण हवं होतं.

"दुकान गहाण टाकू," थोरला म्हणाला.

धाकटा बोकडाचा पाय सोलत होता. "वहिनीच्या हाडांसाठी दुकान?" तो म्हणाला. "दादा, आपण हाडं विकून दुकान उभं केलंय. तू उलटा धंदा करतोयस."

"तोंड सांभाळ."

"आईच्या हाडांनी गाडी खाल्ली, वहिनीची दुकान खाणार. उद्या माझ्या बायकोची मोडली की मी काय विकू? तुला?"

त्याच्या बायकोला, धाकटीला, सहावा महिना होता. ती मागच्या दारात उभी राहून ऐकत होती. "मला विकायला काढलंत तर आधी वजन करा," ती म्हणाली. "फार येणार नाही."

थोरल्याच्या हाताला आकड्यावरची बोकडाची मांडी लागली. ती त्याने काढली आणि धाकट्याच्या कानशिलात हाणली. आवाज ओल्या चादरीसारखा झाला. धाकटा वजनकाट्यावर कोसळला, काट्याने त्याचं वजन दाखवलं, आणि तो उठला तो थोरल्याच्या पोटात डोकं घालूनच. दोघे टांगलेल्या बोकडांमधून आरपार गेले. बोकड गरगरले. धाकट्याने थोरल्याचा खांदा दातांनी धरला, थोरल्याने त्याचे केस धरले आणि कपाळ ठोकळ्यावर आपटलं. एकदा, मग पुन्हा. कपाळाची कातडी फुटली आणि रक्त ठोकळ्यावरच्या जुन्या रक्तात मिसळलं. कुणाचं कुठलं हे आता थोरल्यालाही कानाने सांगता आलं नसतं.

"खांद्याचं तेवढं द्या आधी," शिंपी रांगेतून म्हणाला. "मग चालू ठेवा सावकाश."

धाकट्याने आंधळेपणाने हात फिरवला, त्याच्या मुठीत रिकामा आकडा आला आणि त्याने तो थोरल्याच्या डाव्या तळहातात घातला. टोक मागच्या बाजूने बाहेर आलं. थोरल्याने हाताकडे पाहिलं, जणू कुणी त्याला अंगठी घातली आहे. मग उजव्या हाताने त्याने ठोकळ्यावरचा सत्तूर उचलला.

इतक्या वर्षांच्या मारामारीत सत्तूर कुणी उचलला नव्हता. तोही एक कायदाच होता, फक्त कुणी बोलून दाखवलेला नव्हता. शिंपी एक पाऊल मागे सरला. धाकटीने दाराची चौकट धरली.

गोठ्यातून थोरली धावत आली. बादलीसकट आली, बादली वाटेत पडली आणि मका रक्तात पसरला. तिने मागून नवऱ्याचा उचललेला हात दोन्ही हातांनी धरला.

"अहो, सत्तूर ठेवा."

"सोड."

"भाऊ आहे तुमचा. ठेवा म्हणते ना."

त्याने हात झटकला. तिला मारण्यासाठी नव्हे, सोडवण्यासाठी. पण त्या झटक्यात ती मक्यावरून घसरली आणि तिचा उजवा हात ठोकळ्याच्या कडेवर पडला.

कच्.

थोरल्याचे डोळे मिटले. सवय. कुठल्याही गोंगाटात हा आवाज त्याच्या कानाला वेगळा लागत असे.

"उपाशी," तो म्हणाला.

दुकानात सगळं थांबलं. बोकड तेवढे अजून हलत होते.

"काय?" धाकटा रक्त थुंकून म्हणाला.

"उपाशी जनावर आहे. वर्षानुवर्षं उपाशी." थोरल्याने डोळे उघडले. समोर जनावर नव्हतं. खाली रक्तामांसात त्याची बायको बसली होती आणि तिचा हात जिथे सांधा नसतो तिथे वाकला होता. त्याने पुन्हा डोळे मिटले, जणू नीट ऐकलं तर आवाज बदलेल. बदलला नाही. मग त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या, आकडा अडकलेला हात लोंबत ठेवून त्याने उजवी मूठ सत्तुराभोवती वळली आणि तो चौफेर पाहू लागला. शिंप्याकडे पाहिलं, शिंप्याने मान हलवून आपला संबंध नाकारला. धाकट्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, बाहेर रस्त्याकडे पाहिलं.

थोरलीने मोडलेला हात चांगल्या हाताने मांडीवर घेतला. तिचा चेहरा चुन्यासारखा झाला होता, पण आवाज रोजचाच होता, मीठ कमी झालंय का विचारतानाचा.

"व्यापारी शोधताय का?" ती म्हणाली. "लांब जाऊ नका. इथंच उभाय तो."

 थोरल्याने सत्तूर खाली ठेवला. एप्रनची गाठ एका हाताने सोडली. बाजारात गेला होता तेव्हा त्याने एप्रन काढला नव्हता, पण तेव्हा तो मारायला निघाला होता.

"मार," तो धाकट्याला म्हणाला.

"कुणाला?"

"मला. त्याला मारलं होतं तसं. आधी दात."

"दादा, वेड लागलं का? वहिनीला आधी..."

"मार म्हणतो ना. माझा हात माझ्या तोंडावर नीट बसत नाही."

धाकट्याने वहिनीकडे पाहिलं. वहिनी दादाच्या दातांकडे पाहत होती. आता लहानपणापासून ज्या ठोशाची तो वाट पाहत होता तो असा हातात आणून दिल्यावर धाकट्याला जरा संकोच वाटला. पण फार नाही. "तू म्हणतोस म्हणून हं," असं म्हणून त्याने मारला. थोरल्याचे पुढचे दोन दात जमिनीवरच्या मक्यात गेले, तिथे ते ओळखू येईनात. दुसऱ्या ठोशाला नाक गेलं. ते गेल्याचा आवाज भरदार होता. धाकट्याने तिसऱ्यासाठी हात मागे नेला.

"पुरे, भाऊजी," थोरली म्हणाली. "मला दवाखान्यात कोण नेणार मग?"

तेव्हा शिंपी पुढे झाला, ठोकळ्यावरचा खांद्याचा तुकडा स्वतःच कागदात गुंडाळला आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशीपासून तो भाजीवर आला असं ऐकिवात आहे.

डॉक्टरीणबाईंनी आधी आकडा काढला, मग नाक सरळ केलं, मग हात. हात बसवताना थोरली एकदाच ओरडली. ती ओरडू शकते हे थोरल्याला तेव्हा कळलं. त्याने ऐकून घेतलं, डोळे उघडे ठेवून.

"आता सांगतो," तो दात नसलेल्या तोंडाने म्हणाला. "ती काय खाते ते. रस्सा."

"आणि?"

"भाकरी. आणि रस्सा."

"कधीपासून?"

त्याने बायकोकडे पाहिलं. इतके दिवस या खोलीत तीच तेवढी बोलली नव्हती.

"लग्न झाल्यापासून," थोरली म्हणाली. "मध्ये एकदा बाळंतपणात अंडं दिलं होतं. मूल काही राहिलं नाही, मग अंडंही बंद झालं."

डॉक्टरीणबाईंनी हातातलं प्लास्टर खाली ठेवलं. "आणि मी तुमच्या पोटात नळी घातली," त्या म्हणाल्या. मग थोरल्याकडे वळल्या. "मी तुम्हाला काय विचारलं होतं?"

"ती काय खाते ते. मी घरात काय असतं ते सांगितलं."

"हात जुळेल," त्या पुन्हा प्लास्टर उचलत म्हणाल्या. "आत जे पोकळ झालंय ते पूर्ण भरायचं नाही. इंजेक्शनं घ्यावीच लागतील. खुब्याची हमी मी देत नाही. पण आजपासून खायला घाला, निदान पुढचं तरी टळेल. इंजेक्शनांवर आता जे घालाल त्यापेक्षा दुकानात जे टांगलंय ते वेळेवर दिलं असतंत तर..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. थोरल्याने ते मनातल्या मनात पुरं केलं आणि मान खाली घातली.

घरी आल्यावर त्याने स्वतः मटण शिजवलं. वाईट शिजवलं. मग पहिलं ताट बायकोसाठी वाढलं आणि त्यात तुकडे घातले. खाटेवरून आईने ते पाहिलं आणि पाण्याचा स्टीलचा तांब्या फेकला. नेम चांगला होता. थोरल्याची भुवई फुटली.

"कायदा मोडतोस?" आई म्हणाली. "सत्तूर तिच्या हातात आहे का? तिच्या हातात हातसुद्धा धड नाही."

"आई, तुलाही वाढतो."

"मला नको. मी जन्मात नाही खाल्लं."

"म्हणून तर," थोरला म्हणाला. भुवईतलं रक्त त्याने बाहीने पुसलं आणि तिच्या पुढ्यात वाटी ठेवली.

आईने वाटी उचलून तीही फेकण्याच्या पवित्र्यात धरली. वास आला असावा. हात जरा वेळ हवेत राहिला. "मऊ तरी शिजलंय का?" तिने विचारलं.

धाकटी कुणी बोलावण्याची वाट न पाहता ताट घेऊन पुरुषांच्या पंगतीत बसली आणि धाकट्याच्या ताटातलं मगजाचं हाड उचललं. "आमंत्रणाची वाट बघत बसले तर पोटातल्याचं लग्न होईल," ती म्हणाली आणि हाड ताटावर आपटून मगज काढला. धाकट्याच्या कपाळावर पट्टी होती. त्याने काही बोलायला तोंड उघडलं, बायकोच्या हातातल्या हाडाकडे पाहिलं आणि मिटलं.

थोरलीचा उजवा हात प्लास्टरमध्ये, डाव्या हाताचं मोडकं बोट अजून कामट्यांत बांधलेलं. थोरला तिच्यासमोर मांडी घालून बसला. घास केला, आत चांगला जाडजूड तुकडा ठेवला.

"चावेल ना? दात आहेत ना गं बरे?"

"चांगले आहेत," ती म्हणाली. "वापरलेच कुठे?"

तिने तोंड उघडलं. त्याने घास आत ठेवला. तिने तोंड मिटलं ते तुकड्यासकट त्याच्या बोटावर. आणि सोडलं नाही. ती शांतपणे, त्याच्या डोळ्यांत पाहत चावत राहिली. कातडी गेली, मांस गेलं, रक्त तिच्या हनुवटीवरून प्लास्टरवर ठिबकलं. धाकटा उठू लागला, तसं धाकटीने त्याला सदऱ्याला धरून खाली बसवलं. थोरला ओरडला नाही आणि त्याने बोट ओढूनही घेतलं नाही. तिचे दात हाडाला लागले.

टण्.

त्याचे डोळे मिटले.

थोरलीने बोट सोडलं, घास तेवढा तोंडात ठेवून घेतला आणि सावकाश चावून गिळला. "काय म्हणतंय?" तिने विचारलं.

"खाऊनपिऊन वाढलेलं आहे," थोरला म्हणाला.

"वाटलंच मला."

तिने पुन्हा तोंड उघडलं. त्याने बोट पंच्याने गुंडाळलं, दुसरा घास केला, पहिल्यापेक्षा मोठा, आणि या वेळी जरा लांबून धरला.